तणनाशकाचें विष : घर, इस्पितळ आणि न्यायालय

विष हा शब्द कानीं पडला म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें साप, सोमल, अफू किंवा ढेकणांची पूड येते. शेतांतील किंवा अंगणांतील गवत मारण्याचें औषध मात्र विषांच्या या यादींत सहसा कोणी घालीत नाहीं. 'औषध' हा शब्दच येथें फसवा आहे. दुकानदार तें औषध म्हणून देतो, शेतकरी औषध म्हणून फवारतो आणि घरांतील माणसें तें औषध म्हणूनच फळीवर ठेवतात. तें तणासाठीं आहे, माणसासाठीं नव्हे, एवढ्यावर सर्वांचें समाधान असतें. परंतु गेल्या साठ वर्षांत या औषधांपैकीं एक-दोहोंनीं निरनिराळ्या देशांत हजारों माणसांचे प्राण घेतले आहेत आणि अनेक न्यायालयांना बुचकळ्यांत पाडलें आहे.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे असेंहि समजूं नये. बंगल्याच्या बागेंत, गृहसंस्थेच्या आवारांत, फरशीच्या फटींतून उगवणाऱ्या गवतावर हींच द्रव्यें फवारलीं जातात. शहरांतल्या पुष्कळ कुटुंबांचें गांवाकडे घर असतें आणि त्या घराच्या पडवींत ही बाटली असते. शिवाय विषबाधेचा रोगी ज्या डॉक्टरापुढें येतो, ज्या पोलीस अधिकाऱ्यापुढें त्याचे कागद जातात आणि ज्या वकील-न्यायाधीशांपुढें त्याचा खटला उभा राहतो, ते सर्व याच सुशिक्षित वर्गांतले असतात. या विषांपैकीं सर्वांत घातक विषाचा स्वभाव असा आहे कीं तें प्रथम थोडा त्रास देतें आणि मग कांहीं दिवस गप्प बसतें. त्या गप्प बसण्यांत घरचीं माणसें, डॉक्टर आणि पोलीस या तिघांचीहि फसगत होते. हें मौन वेळींच ओळखलें गेलें तर कांहीं प्राण वाचतात आणि कांहीं गुन्हे उघडकीस येतात. म्हणून त्याचा विचार थोडा विस्तारानें केला पाहिजे.

तण मारण्यासाठीं विष वापरण्याची कल्पना नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत बागेंतील गवतासाठीं सोमल व त्याचे क्षार सर्रास विकत मिळत. सोमलाला रंग नाहीं, वास नाहीं, चवहि फारशी नाहीं. पिठांत किंवा साखरेंत मिसळला तरी तो कळत नसे. १८३६ सालीं जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञानें शरीरांतील अत्यल्प सोमल ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली आणि विषप्रयोग करणारांना पहिला शह बसला. १८५१ सालीं तेथील पार्लमेंटानें कायदा केला कीं किरकोळ विकला जाणारा सोमल काजळी किंवा नीळ घालून रंगवावा आणि घेणाराचें नांव वहींत नोंदवून ठेवावें.

एवढ्यानें भागलें मात्र नाहीं. १९२१ सालीं वेल्सच्या सीमेवरील हे नांवाच्या गांवीं हर्बर्ट आर्मस्ट्राँग या वकिलाची पत्नी वारली. मृत्यु नैसर्गिक समजून तिचें दफन झालें. पुढें आर्मस्ट्राँगनें आपल्या एका प्रतिस्पर्धी वकिलाला चहाला बोलावलें आणि तो गृहस्थ घरीं जातांच आजारी पडला, तेव्हां लोकांना संशय आला. पत्नीचें शव उकरून पाहतां त्यांत सोमल सांपडला. आपण सोमल घेतला तो बागेंतील गवत मारण्यासाठीं, असा आर्मस्ट्राँगचा बचाव होता. ज्यूरीनें तो मानला नाहीं आणि १९२२ च्या मे महिन्यांत त्याला फांशी झाली.

या जुन्या खटल्यांतून जो धडा मिळतो तो आजहि तितकाच खरा आहे. इतर बहुतेक विषें घरांत सांपडलीं तर तीं तेथें कशीं आलीं असा प्रश्न उठतो. तणनाशक घरांत असण्याला मात्र नेहमीं निर्दोष कारण असतें. म्हणून केवळ बाटली सांपडल्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं आणि बाटली सांपडली नाहीं म्हणून संशय फिटत नाहीं. खरा पुरावा रोग्याच्या शरीरांत आणि रोगाच्या क्रमांत असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत 'टु-फोर-डी' हें रसायन शोधून काढण्यांत आलें आणि तणनाशकांचें नवें युग सुरू झालें. १९६२ सालीं इंग्लंडांत पॅराक्वाट बाजारांत आलें. १९७४ सालीं अमेरिकेंत ग्लायफोसेट आलें. शेतकऱ्यानें तीं उचलून धरलीं यांत त्याचा दोष नाहीं. खुरपणी, निंदणी किंवा भांगलण, ज्या भागांत जें नांव असेल तें, हें काम कंबर मोडणारें आहे. त्याला वेळेवर मजूर मिळत नाहींत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाहीं. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस दहा बायांचें काम एका सकाळींत उरकतो. पॅराक्वाटचा विशेष तर असा कीं उन्हांत फवारलें म्हणजे कांहीं तासांतच हिरवें पान कोमेजूं लागतें आणि मातीला लागतांच तें तिच्या कणांना इतकें घट्ट चिकटतें कीं निकामी होऊन जातें. त्यामुळें पुढील पेरणीला अडचण येत नाहीं. शेताच्या दृष्टीनें हे गुणच होत.

पॅराक्वाट झाडाला कसें मारतें हें समजलें म्हणजे तें माणसाला कसें मारतें हेंहि समजतें. हिरव्या पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार होत असतांना अतिसूक्ष्म विद्युत्-कणांची सारखी देवघेव चालू असते. पॅराक्वाटचा रेणु त्या देवघेवींत मध्येंच हात घालतो. एका हातानें तो कण हिसकावून घेतो आणि दुसऱ्या हातानें जवळच्या प्राणवायूला देऊन टाकतो. असा कण मिळालेला प्राणवायु दाहक बनतो आणि पेशींचीं आवरणें जाळूं लागतो. पॅराक्वाटचा रेणु मात्र या व्यवहारांत खर्च होत नाहीं; तो पुन्हां मोकळा होऊन पुढचा कण हिसकावण्यास सिद्ध होतो. थोडेंसें द्रव्य पुष्कळ नाश करूं शकतें तें यामुळें.

माणसाच्या शरीरांत हाच खेळ सूर्यप्रकाशावांचून चालतो. फुप्फुसांतील पेशींना कांहीं आवश्यक द्रव्यें रक्तांतून ओढून घेण्याची सोय निसर्गानें दिलेली आहे. पॅराक्वाटची घडण त्या द्रव्यांशीं मिळतीजुळती असल्यामुळें या पेशी विषालाच आपलें समजून आंत घेतात आणि रक्तांत असतें त्याच्या कित्येक पट विष फुप्फुसांत सांठतें. फुप्फुस तर प्राणवायूचें माहेरघर. तेथें या दाहाला इंधनाचा तोटा नसतो. हळूहळू मऊ स्पंजासारखें असलेलें फुप्फुस तंतुमय, चिवट आणि घट्ट होत जातें. इतर रोगांत धाप लागलेल्या माणसाला डॉक्टर प्रथम प्राणवायु देतो. येथें तोच लवकर आणि सढळ हातानें दिला तर विषाचें बळ वाढतें. म्हणून रक्तांतील प्राणवायु फारच कमी झाल्याखेरीज तो देऊं नये, असा दंडक डॉक्टरांना पाळावा लागतो. जीवनाचा आधार असलेली वस्तुच येथें वैऱ्याला मिळते. या विषाचें सारें भीषणत्व त्यांत आहे.

आतां रोगाचा क्रम पाहूं. विष पोटांत गेल्यावर तोंडांत व घशांत जळजळ होते, ओकाऱ्या होतात, पोट दुखतें. पुष्कळ वेळां हा त्रास पहिल्या दिवशीं इतका सौम्य असतो कीं खराब अन्न खाल्ल्यानें असें झालें असावें, अशी कोणाचीहि समजूत व्हावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ओठ, जीभ व घसा सोलवटतो, लघवी कमी होते, कधीं डोळ्यांवर पिवळी झांक येते. विषाचें प्रमाण फार असेल तर कांहीं दिवसांतच सर्व इंद्रियें एकामागून एक बंद पडतात. प्रमाण मध्यम असेल तर मात्र मध्यंतरीं बरें वाटल्याचा भास होतो. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, मुखावर थोडी टवटवी येते, घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात. मग जिना चढतांना धाप लागूं लागते, पुढें बसल्या जागीं लागते आणि दोन-तीन आठवड्यांत शेवट होतो. या सर्व काळांत रोगी बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो.

या शुद्धीवर असण्यांत या विषाची सर्वांत दुःखद गोष्ट दडलेली आहे. विष घेऊन जीव देऊं पाहणारांपैकीं पुष्कळांचा तो निश्चय दीर्घ विचारान्तीं झालेला नसतो, असें श्रीलंकेंत व अन्यत्र झालेल्या अभ्यासांत पुनःपुन्हां दिसून आलें आहे. घरांत वाद झाला, परीक्षेचा निकाल वाईट लागला, सावकार दारांत येऊन अपमान करून गेला, आणि त्या घटकाभराच्या संतापांत हात जवळच्या बाटलीकडे गेला. संताप ओसरतो, माणसाला जगावेंसें वाटूं लागतें, तो आईची, बायकोची, मुलांची क्षमा मागतो, पुढचे बेत बोलूं लागतो. शरीर मात्र तोंवर त्याच्या हातचें गेलेलें असतें. तीव्र द्रावणाचा एखादा घोटहि या मार्गावर परतीची वाट ठेवीत नाहीं. आजवर या विषावर खात्रीचा उतारा सांपडलेला नाहीं.

याचा अर्थ उपाय व्यर्थ आहेत असा मात्र नव्हे. उपायांचा काळ दिवसांत नव्हे, तासांत मोजावयाचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. पोटांतील विष रक्तांत जाण्यापूर्वीं तें बांधून टाकणारा कोळसा किंवा मुलतानी मातीच्या जातीची माती इस्पितळांत देतात. जें पॅराक्वाट शेतांत मातीला चिकटून निकामी होतें, तें पोटांतहि तिला चिकटतें, हें त्यामागील तत्त्व. कांहीं ठिकाणीं रक्त शुद्ध करण्याचें यंत्र लावतात. पण त्याचाहि उपयोग झाला तर पहिल्या कांहीं तासांतच. म्हणून मिठाचें पाणी पाजून ओकारी काढणें, घशांत बोटें घालणें, लिंबू किंवा ताक पाजणें यांत एक क्षणहि घालवूं नये. ओकारीनें घसा दुसऱ्यांदा भाजतो आणि विष श्वासनलिकेंत उतरण्याचा धोका असतो. अंगावर सांडलें असेल तर कपडे उतरवून साबणपाण्यानें अंग धुवावें. डोळ्यांत गेलें असेल तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटें तरी सोडावी. आणि रोग्याबरोबर बाटली, तिच्यावरील चिठ्ठीसकट, इस्पितळांत न्यावी.

बाटली नेण्यावर इतका भर देण्याचें कारण आहे. तणनाशक हें एका कुळाचें नांव नाहीं. ग्लायफोसेट पोटांत गेलेल्यांपैकीं बहुतेक योग्य उपचारांनीं वांचतात. तेथें मोठ्या प्रमाणांतील घोटाचा धोका बराचसा त्यांत मिसळलेल्या साबणासारख्या द्रव्यामुळें असतो. टु-फोर-डीचा परिणाम स्नायूंवर व शुद्धीवर होतो. पॅराक्वाटची गोष्ट निराळी. रोगी 'गवताचें औषध' एवढेंच सांगतो आणि त्या दोन शब्दांत जीवन-मरणाचा फरक लपलेला असतो. बाटली नसेल तर एक साधी परीक्षा उपलब्ध आहे. मूत्रांत खाण्याचा सोडा आणि सोडियम डायथायोनाइट नांवाची पूड घातली असतां, पॅराक्वाट असल्यास मूत्र निळें होतें. विष पोटांत जाऊन कांहीं तास लोटल्यावरहि रंग आला नाहीं तर मोठें प्रमाण शरीरांत गेलेलें नाहीं, असा दिलासा मिळतो. या परीक्षेला मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं; तालुक्याच्या इस्पितळांतहि ती करतां येते. रुग्ण गप्प, घरचे गोंधळलेले आणि लक्षणें संदिग्ध अशा वेळीं हा निळा रंगच बोलतो.

अपघात कसे होतात तेंहि पाहण्याजोगें आहे. पूर्वींचें पॅराक्वाट तपकिरी रंगाचें असे आणि लोक तें मोठ्या डब्यांतून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलींत काढून ठेवीत. तहानलेल्या माणसानें किंवा लहान मुलानें ती बाटली तोंडाला लावल्याचे प्रकार १९६० नंतरच्या दशकांत अनेक देशांत घडले. म्हणून पुढें उत्पादकांनीं त्यांत निळा रंग, घाण वास आणि ओकारी आणणारें द्रव्य घालण्यास प्रारंभ केला. १८५१ च्या कायद्यांतील नीळ सव्वाशें वर्षांनीं अशी परत आली! या योजनांनीं चुकून पिणाराला सावध केलें, परंतु जाणूनबुजून पिणाराला त्यांचा फारसा अडथळा झाला नाहीं. तिसरा अपघात फवारणी करणाराचा. गळका पंप पाठीवर घेऊन तासन् तास काम केलें, कातडीवर जखमा असल्या आणि ओले कपडे तसेच अंगावर राहिले, तर कातडीवाटेंहि हें विष शरीरांत शिरतें. अशा मृत्यूंची नोंद वैद्यकशास्त्रांत आहे. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले. तीं द्रव्यें निराळीं होतीं, परंतु उघडें अंग, साधनांचा अभाव आणि उपचारांस झालेला विलंब हें दुखणें दोहोंकडे सारखेंच आहे.

आतां न्यायालयाच्या बाजूकडे वळूं. या विषाचें मौन गुन्हेगाराला सोयीचें वाटतें, कारण घोट आणि मृत्यु यांत कित्येक दिवसांचें अंतर पडतें आणि शेवटचा आजार न्यूमोनियासारखा दिसतो. १९८१ सालीं इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत एक तरुण गृहस्थ असाच वारला. लक्षणें पाहून डॉक्टरांना पॅराक्वाटचा संशय आला होता. परंतु तपासणींत विष आढळलें नाहीं अशी चुकीची माहिती त्यांना मिळाली आणि प्रकरण मिटल्यासारखें झालें. सुदैवानें शवपरीक्षा करणाऱ्या तज्ज्ञानें अवयवांचे भाग जपून ठेवले होते. सूक्ष्मदर्शकाखालीं फुप्फुस पाहून त्याची शंका बळावली, पुन्हां तपासणी झाली आणि विष सिद्ध झालें. जेवणांतून पॅराक्वाट घातल्याबद्दल त्याच्या पत्नीला १९८२ च्या नोव्हेंबरांत जन्मठेप झाली. कांचेच्या बरणींतील कांहीं तुकडे राखले नसते तर हा गुन्हा कधींच उजेडांत आला नसता.

जपानांत १९८५ सालीं याहून विलक्षण प्रकार घडला. नाणें टाकलें असतां पेयाची बाटली देणारीं यंत्रें तेथें रस्तोरस्तीं असतात. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत निरनिराळ्या शहरांत अशा यंत्रांपाशीं कोणीतरी विष घातलेल्या बाटल्या ठेवल्या. कोणी विसरून गेला असेल म्हणून लोकांनीं त्या उचलल्या. दहाहून अधिक माणसें मेलीं. विष कोणतें तें कळलें, पण गुन्हेगार हातीं लागला नाहीं. विष ओळखणें आणि विष देणारा ओळखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून दिसून येतें.

आपल्या देशांतील अगदीं अलीकडचें उदाहरण केरळांतलें आहे. १४ ऑक्टोबर २०२२ रोजीं एका तरुण विद्यार्थ्याला त्याच्या ओळखीच्या तरुणीनें आयुर्वेदिक काढा म्हणून जें प्यावयास दिलें त्यांत पॅराक्वाट होतें. तो २५ ऑक्टोबरला मरण पावला. मधले अकरा दिवस तो जिवंत होता. रोगाचा क्रम, डॉक्टरांच्या साक्षी आणि परिस्थितिजन्य पुरावा यांची सांगड घालून नेय्याट्टिन्कर येथील न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें आरोपी तरुणीला दोषी ठरविलें व देहान्त शिक्षा सुनावली.

अशा खटल्यांत पुरावा टिकतो कीं निसटतो हें पुष्कळदां पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर ठरतें. पॅराक्वाटचा बराचसा भाग मूत्रावाटें पहिल्या दिवसांतच निघून जातो, म्हणून इस्पितळांत येतांच घेतलेलें मूत्र व रक्त यांचें मोल नंतरच्या दहा नमुन्यांहून अधिक आहे. मृत्यूनंतर जठर व त्यांतील द्रव्य, आंतड्याचा भाग, यकृत व मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणांत ठेवून सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे पाठविण्याची चाल आहे. पॅराक्वाटचा संशय असेल तर फुप्फुसाचा तुकडाहि अवश्य पाठवावा, कारण विष तेथेंच सर्वांत अधिक काळ टिकून असतें. शिवाय एक रासायनिक अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. हें विष विद्युत्-भारित क्षार असल्यामुळें पाण्यांतच राहतें. ईथर, क्लोरोफॉर्म यांसारख्या द्रवांत उतरत नाहीं. अवयवांतून विषें काढण्याची जुनी सर्वसाधारण रीत याच द्रवांवर आधारलेली आहे. त्या रीतीनें हें विष दिसत नाहीं; त्याच्यासाठीं असलेली निराळी रीत लावली तर अत्यल्प अंशहि सांपडतो. काय शोधावयाचें तें सांगितलें तर विश्लेषकाला सांपडतें. म्हणून 'विषबाधेचा संशय' एवढेंच मोघम न लिहितां, तोंडांतील जखमा, लघवी बंद होणें, मागाहून आलेली धाप हा सारा इतिहास डॉक्टरानें अर्जांत लिहिला पाहिजे.

रोगी शुद्धीवर असतो, ही दुःखाची गोष्ट तपासाच्या दृष्टीनें मात्र उपयोगाची ठरते. काय प्यालें, कोठें प्यालें, कोणी दिलें, चव कशी होती, भांडें कोणतें होतें, हें तो सांगूं शकतो. डॉक्टरानें तो शुद्धीवर असल्याचा दाखला द्यावा आणि दंडाधिकाऱ्यानें जबाब लिहून घ्यावा. आपल्या पुराव्याच्या कायद्यांत अशा मृत्युपूर्व जबाबाला महत्त्वाचें स्थान आहे. रोगी बरा दिसतो म्हणून हें काम उद्यांवर टाकूं नये. याच जबाबावरून अपघात, आत्मघात आणि घात यांतील भेद करावयाचा असतो. तो करतां आला नाहीं तर एखादा अपराधी सुटतो. आणि याहून वाईट म्हणजे, दुःखांत बुडालेल्या एखाद्या निरपराध पत्नीवर किंवा सुनेवर गांव बोट ठेवतें.

शेवटीं सार्वजनिक उपायांचा विचार. श्रीलंकेंत १९९५ च्या सुमारास दर लाख लोकांमागें ४७ जण दरवर्षीं आत्महत्या करीत. त्यांत विषारी शेती-औषधांचा वाटा फार मोठा होता. तेथील सरकारनें अत्यंत घातक औषधें एकामागून एक बंद केलीं आणि दहा वर्षांत हें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. पुढें २००८ ते २०११ या काळांत पॅराक्वाटहि टप्प्याटप्प्यानें बंद झालें व प्रमाण आणखी उतरलें. दक्षिण कोरियानें २०११-१२ मध्यें पॅराक्वाट बंद केलें; शेती-औषधांनीं होणाऱ्या आत्महत्यांचें प्रमाण दोन वर्षांत सुमारें निम्मे झालें. लोक दुसरा मार्ग शोधतील असा आक्षेप घेण्यांत येतो. परंतु एकूण आत्महत्याच कमी झाल्या, या वस्तुस्थितीपुढें तो टिकत नाहीं. पिकांचें उत्पन्न या बंदीमुळें घटल्याचेंहि या दोन्ही देशांत दिसलें नाहीं. युरोपीय संघाच्या न्यायालयानें २००७ सालीं पॅराक्वाटची परवानगी रद्द केली. इंग्लंडांत त्याचा वापर त्यामुळें थांबला, पण तेथील कारखान्यांतून परदेशीं निर्यात मात्र त्यानंतरहि चालू राहिली, ही विसंगति नमूद करण्याजोगी आहे.

भारतांत तणनाशकें १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं येतात. या कायद्यान्वयें राज्य सरकारला एखादें औषध साठ दिवस, आणि वाढवून आणखी तीस दिवस, थांबवितां येतें. कायमची बंदी हें केंद्राचें काम आहे. केरळनें २०११ मध्यें पॅराक्वाटला प्रतिबंध केला. ओडिशांत बुर्ला येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनीं, डोळ्यांदेखत मरणारे तरुण रोगी पाहून, २०१९ सालीं बंदीसाठीं आंदोलन केलें. परंतु देशभर लागू होणारी बंदी २०२४ पर्यंत झालेली नव्हती. याविषयीं लोकमत तयार करणें हें सुशिक्षित वर्गाचें कर्तव्य आहे. शेतकऱ्याला तण काढण्याचें दुसरें साधन स्वस्तांत मिळालें पाहिजे, हेंहि त्याच मागणीचें अंग आहे. नाहींतर बंदीचा सर्व भार त्याच्याच खांद्यावर पडेल.

कायदा होईपर्यंत घराला आपलें रक्षण करतां येतें. लागेल तेवढेंच तणनाशक आणावें. उरलेलें घरांत सांठवूं नये. मूळ बाटलींतून तें दुसऱ्या कोणत्याहि भांड्यांत, विशेषतः पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलींत, कधींहि काढूं नये. तें राहत्या घराबाहेर कुलपांत असावें आणि किल्ली एकाच जबाबदार माणसापाशीं असावी. कुलूप उघडण्यास लागणारीं पांच मिनिटें कधीं कधीं एखाद्याचा संताप ओसरण्यास पुरेशीं होतात. बागेसाठीं तर खुरपें पुरेसें आहे. घरांत कोणी उदास, अबोल किंवा निराश दिसत असेल तर त्याला रागें न भरतां जवळ बसवून विचारावें; बोलण्यास घरांतलें माणूस नको वाटत असेल तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक रात्रंदिवस खुला आहे. आणि हें विष पोटांत गेल्याची नुसती शंका आली, तरी माणूस कितीहि बरा दिसत असला, ओकारी थांबलेली असली, तो स्वतः 'मला कांहीं झालें नाहीं' असें म्हणत असला, तरी त्याच घटकेला त्याला इस्पितळांत न्यावें. या विषांत बरें दिसणें म्हणजे बरें होणें नव्हे.